चित्रकार कुठे उभा होता?
(रोजनिशीतील पाने : जऊळका, जि. वाशीम)

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आठवीच्या चित्रकलेच्या तासाला या महिन्यात एकच चित्र घ्यायचं ठरवलं आहे. होकुसाई या जपानी चित्रकाराचं फुजी पर्वताचं चित्र, जगभर ज्याला ‘लाल फुजी’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्याची मोठी, स्वच्छ प्रत सर्वांसाठी मोफत ठेवली आहे. ती वाशीमहून छापून आणली. एक प्रत फळ्यावर लावायला मोठी आणि काही प्रती मूळ चित्राच्या मापाच्या, साधारण २५ बाय ३७ सेंटिमीटर. मूळ माप मुलांच्या हातात पडायला हवं, कारण पुस्तकात सगळी चित्रं एकाच आकाराची होऊन जातात आणि एवढा मोठा पर्वत एवढ्याशा कागदावर मावला, याचं नवल कुणाला वाटत नाही.

एकाच चित्रावर एवढे दिवस द्यायचं कारण मुलांच्या वह्यांत आहे. ‘सीनरी काढा’ म्हटलं की वर्गभर तीच सीनरी उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर नारळ, शेजारी झोपडी. जऊळक्याच्या शिवारात यातलं काहीच नाही. इथे माळ आहे, काळी जमीन आहे, तूर आणि हरभरा आहे, धुऱ्यावर बाभूळ आणि निंब आहेत, गावाला लागून रेल्वेचा रूळ आहे. मुलांचे हात चांगले चालतात. रेल्वेचा डबा काढायला सांगितला तर खिडक्यांचे गज मोजून काढतात. पण निसर्ग काढायचा म्हटला की डोळे मिटून घेतात आणि कुणीतरी आधी काढलेलं चित्र पुन्हा काढतात. त्या चित्रात ती स्वतः कुठेच उभी नसतात.

पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त बघायचं, असं सांगितलं. मग नियम घातला : आज ‘दिसते’ एवढंच बोलायचं, ‘वाटते’ नंतर. सुरुवातीला धांदल झाली. “मस्त वाटते सर” हे उत्तर परत पाठवलं. मग हळूहळू यायला लागलं. लाल पहाड दिसते. टोकावर पांढरे पट्टे दिसतात. खाली हिरवे ठिपके. आभाळ वर गडद निळं, खाली येता येता फिकं. ढग बारीक, ओळीओळीनं. पहाडाचं टोक मधोमध नाही, उजवीकडे सरकलेलं. एक मुलगा कागदाजवळ नाक नेऊन म्हणाला, पहाडावर लाकडावर असतात तशा रेषा आहेत. ते मी जपून ठेवलं, पुढच्या आठवड्यासाठी.

खिडकीजवळच्या मुलीने शेवटी हात वर केला. “सर, यात सूर्य नाई. पण उजेड हाय.”

या एका वाक्यावर अख्खा तास घेता आला असता. सूर्य न काढता सकाळ काढता येते, हे तिने स्वतः शोधलं. तिला विचारलं, उजेड कुठून येतोय? ती बराच वेळ बघत राहिली. वर्गाला घरचं काम दिलं : हा चित्रकार कुठे उभा होता, ते शोधून या.

बुधवार, ८ जानेवारी

मुलं उत्तरं ठरवून आली होती. कुणी म्हणालं पहाडाच्या पायथ्याशी, कुणी म्हणालं दुसऱ्या पहाडावर, एकाने तर ‘आभाळात’ सांगितलं. प्रत्येकाला एकच विचारलं : कशावरून?

मग पुरावे निघू लागले. झाडं ठिपक्यांएवढी आहेत, म्हणजे तो जवळ नव्हता. वाट नाही, घर नाही, माणूस नाही, म्हणजे त्याने जवळचं सगळं सोडून दिलं. ‘पहाड खालून वर पाहिला तर टोक बारीक दिसते, इथं टोक मोठं दिसते,’ असं एक मुलगी म्हणाली आणि तिने हाताच्या पंजाने ते करून दाखवलं. न्यायाधीशासमोर साक्ष द्यावी इतक्या गंभीरपणे मुलं बोलत होती.

एक प्रयोग केला. चित्राचा डावा अर्धा भाग वहीने झाकला. पर्वत एकदम जड, ठेंगणा वाटायला लागला. वही काढली की डावीकडचा लांबलचक उतार परत येतो आणि पर्वत वर झेपावतो. मुलांनी हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. उजवा उतार झाकला, आभाळ झाकलं, खालचं जंगल झाकलं. चित्रातला प्रत्येक भाग काही तरी काम करतो, हे समजवून सांगण्यापेक्षा झाकून दाखवणं सोपं आहे.

त्यानंतर फुजीचा फोटो शेजारी लावला. कंपासपेटीतले कोनमापक बाहेर निघाले. फोटोतला उतार पसरट, चित्रातला उभा. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला : “मंग त्यानं खोटं काहून काढलं जी?”

फार महत्त्वाचा प्रश्न. मी त्यांना आकडे दिले. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. फुजी ३,७७६ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय तो एकटा उभा आहे, त्याला टेकणारी मोठी रांग नाही. तो ज्वालामुखी आहे, त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ साली झाला. इतका उंच पर्वत सपाटीतून एकटाच वर गेलेला पाहिला की माणसाच्या मनात जी उंची भरते, ती कोनमापकात मावत नाही. होकुसाईने मनात भरलेली उंची काढली. कोन बदलला, पण उजेड, बर्फाचे पट्टे, झाडांची हद्द कुठे संपते आणि उघडा दगड कुठे सुरू होतो, हे सगळं बघूनच काढलं आहे. जिथे बदल केला तिथे कारण आहे. कारण सांगता येत असेल तर तो बदल चित्रकाराचा. कारण सांगता येत नसेल तर ती नुसती सवय.

मुलगा समाधान झाल्यासारखा बसला. पण तास सुटताना परत आला. “आपल्या सीनरीतल्या दोन पहाडाले कारण हाय का सर?” मी म्हटलं, तूच सांग. तो हसला आणि गेला.

शुक्रवार, १० जानेवारी

आज कळलं की होकुसाईने फुजी एकदाच काढलेला नाही. त्याच्या मालिकेचं नाव ‘फुजीची ३६ दृश्यं’, पण लोकांना ती इतकी आवडली की पुढे १० चित्रं वाढवून एकूण ४६ झाली. काळ १८३० ते १८३२च्या आसपासचा. होकुसाईचा जन्म १७६०चा, म्हणजे तेव्हा तो सत्तरीत होता. वर्गात कुजबुज झाली. चित्रकार म्हटलं की मुलांना तरुण माणूस डोळ्यांसमोर येतो. सत्तर वर्षांचा माणूस एकाच पर्वतापुढे इतके दिवस बसतो, याचा त्यांच्यावर परिणाम झाला. “माह्या आजाएवढा!” असं एकजण म्हणाला.

या मालिकेतली तीन चित्रं गटागटांत वाटली. काम एकच : फुजी शोधा.

पहिलं ‘मोठी लाट’. हे काहींनी मोबाइलवर पाहिलेलं होतं, पण त्यात फुजी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. लाटेच्या खाली, लांब, एवढासा त्रिकोण सापडला तेव्हा ओरडा झाला. इथे चित्रकार समुद्रावर आहे, होड्यांच्या बरोबरीने. दुसरं, एक कारागीर भलंमोठं लाकडी पिंप बनवतो आहे. पिंप आडवं पडलेलं, तो आत शिरून फळ्या तासतो आहे आणि पिंपाच्या त्या गोलातून पलीकडे बारीकसा फुजी. तिसरं एजिरी नावाच्या ठिकाणचं. जोराचा वारा सुटला आहे, वाटसरूंच्या हातातले कागद आभाळभर उडाले आहेत, झाडं वाकली आहेत आणि मागे फुजी फक्त एका रेषेने काढलेला. आत रंग नाही, छाया नाही. वाऱ्यात सगळं हलतं आहे, तो हलत नाही. त्याला एक रेषा पुरते.

पर्वत एकच. उभं राहण्याची जागा बदलली की चित्र बदलतं आणि चित्राचं म्हणणंही बदलतं. लाटेत फुजी लहान आहे, कारण तिथे माणसांचा जीव मोठा प्रश्न आहे. पिंपात तो लहान आहे, कारण तिथे कामात गढलेला माणूस महत्त्वाचा आहे. ‘लाल फुजी’त माणूसच नाही, तिथे पर्वत आणि सकाळ.

२०१३ मध्ये फुजी जागतिक वारसा यादीत गेला, तो सांस्कृतिक वारसा म्हणून. यात्रेकरूंनी त्याला पूजलं आणि चित्रकारांनी तो रंगवला, हे कारण त्यात धरलं गेलं. मुलांना हे सांगताना मला फार बरं वाटलं. एखादी जागा मोठी होते ती नुसत्या उंचीने होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तिच्याकडे नीट बघितलेलं असावं लागतं.

सोमवार, १३ जानेवारी

आज भोगी. डब्यांत बाजरीची भाकर आणि मिसळीची भाजी होती, तास जेवणानंतरचा, तरी कुणी पेंगलं नाही. विषय निळा रंग होता.

मुलांच्या रंगपेटीत ‘प्रशियन ब्लू’ नावाची ट्यूब असते. आभाळाला लावतात, बऱ्याचदा सगळ्यात आधी संपते. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रसायनांपासून तयार झाला. जहाजांतून तो जपानला पोचला आणि १८२०च्या दशकाच्या शेवटी तिथे स्वस्त झाला. तोपर्यंत जपानी छपाईत वनस्पतींचे निळे रंग वापरत, ते लवकर विटत. नवा निळा खोल होता, टिकाऊ होता, गडदापासून फिक्यापर्यंत सहज उतरत जायचा. होकुसाईच्या फुजी-मालिकेचं आभाळ आणि पाणी या रंगावर उभं आहे. मुलांनी आपापल्या ट्यूबा बाहेर काढून बाकावर ठेवल्या. दोनशे वर्षांपूर्वी जपानच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराच्या हातात होता तोच रंग जऊळक्याच्या शाळेत आहे, याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

मग सराव. ओल्या कागदावर वरून गडद निळा सोडायचा आणि पाण्याच्या कुंच्याने खाली फिका करत आणायचा. पुष्कळ कागद वाया गेले असं कुणी म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. एका मुलीचा शेवटचा कागद इतका सुरेख उतरला की त्यावर काही काढूच नको, असं मी तिला सांगितलं.

बुधवार, १५ जानेवारी

संक्रांत झाली. मुलांच्या बोटांना अजून तिळाचा वास.

पहिल्या दिवशी एकाने पाहिलेल्या लाकडाच्या रेषांचा आज उलगडा केला. हे चित्र कुंच्याने रंगवलेलं नाही, लाकडी ठशांनी छापलेलं आहे. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन केलं. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवून रेषा कोरल्या. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. छापणाऱ्याने एकामागून एक रंग त्याच कागदावर दाबून उतरवले. आणि या सगळ्यांना काम देणारा, पैसा घालणारा प्रकाशक निशिमुराया योहाची. चित्रावर सही होकुसाईची आहे, पण हात चौघांचे आहेत. लाकडाच्या रेषा कागदावर उतरल्या आणि त्या पर्वताच्या अंगावर शोभल्या.

एकाच फळीवरून पुष्कळ प्रती निघत, म्हणून सगळे ‘लाल फुजी’ सारखे नाहीत. सुरुवातीच्या छाप्यांत पर्वत फिका, गुलाबीसर आहे, नंतरच्यांत विटेसारखा लाल. कुठली सकाळ खरी, असं एकीने विचारलं. मी वर्गाला विचारलं, तुम्ही उठता तेव्हा रोज एकच रंग असतो का?

प्रत्यक्ष ठसेकाम पुठ्ठ्यावर केलं. तीन जणांचा गट : एक काढणारा, एक कापणारा, एक छापणारा. आभाळाचा, पर्वताचा आणि झाडांचा, असे तीन ठसे. पहिल्याच छाप्यात पर्वत आभाळाच्या बाहेर गेला. मग एका गटाने बाकाला खडूने काटकोनी खुणा केल्या आणि कागद दर वेळी त्याच खुणेत बसवला. जपानी कारागीर फळीवर अशाच खुणा कोरत असत. मी सांगण्याआधी मुलांनी ते शोधलं.

शुक्रवार, १७ जानेवारी

उद्या लोणार. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पालकांच्या सह्या आल्या.

आज मुलांना आबालाल रहिमानांबद्दल सांगितलं. आपल्या महाराष्ट्रातला हा मोठा चित्रकार कोल्हापूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला आणि परत आपल्या गावी आला. शाहू महाराजांनी त्याला आश्रय दिला. तो फकिरासारखा साधा राहिला, १९३१ मध्ये वारला. त्याने काय रंगवलं? कोटितीर्थाचं तळं, रंकाळा. त्याच त्या जागा, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी. रंगांचे लहान लहान तुटक फटकारे मारून तो उजेड उभा करायचा. मुंबई पाहून आलेल्या माणसाला घराजवळचं तळं आयुष्यभर पुरलं. होकुसाई आणि आबालाल एकमेकांना ओळखत नव्हते, एक वारला १८४९ मध्ये, दुसरा त्यानंतर जन्मला. पण दोघांचं वागणं एक. विषय बदलत फिरायचं नाही, एकाच विषयाला धरून राहायचं.

तासाच्या शेवटी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदांतून आयताकृती खिडक्या कापल्या. उद्या या चौकटीतून बघायचं. चौकट डोळ्याजवळ धरली की खूप मावतं, लांब धरली की थोडंच.

शनिवार, १८ जानेवारी

पहाटे निघालो. मालेगाव, डोणगाव, मेहकर, लोणार. वाटभर शेतं. हरभरा घाट्यांवर आलेला, तुरीचे ढीग, मधेच गव्हाचा हिरवा तुकडा. मुलांना सांगून ठेवलं होतं की सरोवर दिसलं की ओरडा. लोणार गाव आलं तरी कुणी ओरडलं नाही. दिसणारच नव्हतं. फुजी लांबूनच दिसायला लागतो. लोणार काठावर पाय ठेवल्याशिवाय दिसत नाही. विवराची कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंच आहे. त्या चढावर चार पावलं टाकली आणि जमीन संपली.

मुलं गप्प झाली. मीही पाच मिनिटं काही बोललो नाही.

मग पहिल्या दिवसाचाच नियम, ‘दिसते’ एवढंच बोलायचं. “गोल दिसते.” “पाणी हिरवं दिसते.” “समोरचा उतार उन्हात, आपल्या पायाखालचा सावलीत.” “पट्टे हायेत सर, एकाखाली एक.” पट्टे खरोखरच आहेत. वरच्या अंगाला साग आणि सुकत आलेलं जंगल, त्याखाली दाट हिरवं, पाण्याच्या कडेला बाभळींची रांग, मग क्षाराचा फिकट काठ, कुठे रुंद, कुठे नाहीसा, आणि शेवटी पाणी. उंची आणि पाण्याचा खारेपणा झाडांची जागा ठरवतात. होकुसाईच्या फुजीवर झाडांची हद्द आहे, तशी इथेही आहे, फक्त वरून खाली वाचायची.

“हा तर उलटा पहाड हाय,” मागच्या बाकावरचा तोच मुलगा म्हणाला.

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. फुजी जमिनीखालून आलेल्या लाव्हाने रचला. लोणार आकाशातून आलेल्या दगडाने खणलं. दोन्हीकडचा खडक बेसॉल्ट. इथला बेसॉल्ट दख्खनच्या पठाराचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आमच्या जऊळक्याच्या विहिरींत लागतो तोच. त्यावर अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंद, १५० मीटर खोल विवर झालं. अशनीच का, ज्वालामुखी का नाही, यावर शास्त्रज्ञांचा बराच काळ वाद होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात इथल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्याचं सांगितलं गेलं. प्रचंड आघाताचा दाब असल्याशिवाय ती तयार होत नाही. वय मात्र अजून पक्कं नाही. एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. १९७९ मध्ये याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलं गेलं आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये रामसर पाणथळांच्या यादीत ते आलं.

त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं. मुलांना ते टाळेबंदीतल्या बातम्यांतून अंधूक आठवतं. पाणी आटून खारेपणा वाढला, त्यात खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या रंगाने तळं रंगलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं. पाऊस आला, पाणी वाढलं, रंग गेला. “म्हणजे लाल फुजी आपल्याकडंबी झाला!” खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

मग कागद, चौकटी. एकच अट : आधी जागा शोधा. अर्धा तास कुणी रेघ ओढायची नाही. मुलं काठावर पसरली. कुणी चौकट आडवी धरली, कुणी उभी. एकजण निंबाच्या फांद्यांमागे जाऊन बसला, तिथून पाण्याचे तुकडेच दिसत होते. दोघी गोमुखाच्या धारेकडे गेल्या, जिथे बाया पाणी घेत होत्या. एकाला अख्खं गोल हवं होतं, ते चौकटीत मावेना. तो मागे सरकला, तर सरोवरच दिसेना. पुढे आला, तर मावेना. त्याची ती येरझार बघण्यासारखी होती. खोलीचं चित्र काढण्याचा सगळा पेच त्याने पायांनी मोजला.

दुपारी दैत्यसूदन मंदिर पाहिलं. विष्णूने लवणासुराला मारलं ती ही जागा, अशी कथा आहे. पाणी खारट का, याचं उत्तर लोकांनी फार पूर्वीच आपल्या पद्धतीने शोधलं होतं. बघणाऱ्यांनी त्याही काळी प्रश्न विचारलेच होते.

सोमवार, २० जानेवारी

चित्रं बाकांवर मांडली. प्रत्येकाने दुसऱ्याच्या चित्रासमोर उभं राहून सांगायचं : हा कुठे उभा होता, कशावरून?

त्रिकोणी डोंगर एकाही कागदावर नव्हते. ज्याला अख्खं गोल हवं होतं त्याने समोरची कड फक्त एका रेषेने काढली, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, किंचित वाकलेली, आणि पाणी खाली अर्धवट कापलेलं ठेवलं. उरलेलं गोल बघणाऱ्याच्या मनात पूर्ण होतं. एजिरीच्या चित्रातली रेषा त्याला आठवली होती का, विचारलं. “थोडीशी,” म्हणाला. निंबाआडच्या मुलाचं चित्र सगळं फांद्यांचं आहे, मधून चार-पाच हिरवट तुकडे. एकीने गोमुखावर पाणी भरणाऱ्या बाईची पाठ मोठी काढली आणि सरोवर तिच्या खांद्यापलीकडे जरासं.

एका मुलाने वरून बघितल्यासारखं काढलं होतं, नकाशात दिसतं तसं पूर्ण वर्तुळ. इतर म्हणाले, हा तिथं उभा नव्हताच. तो म्हणाला, मी मोबाइलवर पाह्यलं, उपग्रह तिथं व्हता. वर्गात वाद रंगला. मी मध्ये पडलो नाही. अखेर त्यांनीच ठरवलं की उपग्रहाची जागाही जागाच आहे, पण मग चित्रात त्या उंचीवरून दिसतं तेच यावं. झाडाचं खोड दिसणार नाही, शेंडा दिसेल. मुलाने खोडं खोडून काढली.

‘लाल फुजी’ पुन्हा फळ्यावर लावला. दोन आठवड्यांपूर्वी ज्यांना लाल पहाड दिसला होता, ती आज बोलत होती निळ्याच्या उतरत्या छटेबद्दल, डाव्या उताराबद्दल, झाकून बघितल्यावर काय हरवतं त्याबद्दल. स्वतः काठावर उभं राहून निवड करून आल्याशिवाय दुसऱ्याची निवड दिसत नाही. निसर्गचित्राचा अभ्यास चित्रापाशी सुरू करावा आणि जागेवर न्यावा, आणि मग परत चित्रापाशी आणावा. यातला मधला टप्पा आपल्या शाळांत गळून जातो, आपण सहलीला जातो आणि फोटो काढून येतो.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर व्हरांड्यात चित्रं लावली. पालक, आज्या, आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, सगळे थांबले. मुलांनी आपल्याच शब्दांत समजावलं. मी लांब उभा होतो. “आजी, तू इथं उभी राह्य, मंग दिसते,” असं नातीने आजीचा हात धरून तिला चित्रापासून दोन पावलं मागे नेलं.

काकांनी मला विचारलं, “सर, लोणार झालं, जपान झालं. आपल्या गावचं चित्र कोण काढनार?” ते मीटरगेजच्या काळापासून या मार्गावर होते. २००८ मध्ये रूळ रुंद झाले, लहान गाडी गेली. त्या गाडीतून माळ कसा दिसायचा ते त्यांना आठवतं, पण कुणी काढून ठेवलेलं नाही.

त्यांचा प्रश्न मी वर्गापुढे ठेवला. मुलांनी तिथेच जागा सुचवल्या : स्टेशनापलीकडचा माळ, नाल्याचं वळण, शाळेमागचा धुरा. शेवटी माळ ठरला. डोळ्यांत भरेल असं तिथे काही नाही आणि म्हणूनच तो मला पसंत आहे. फुजी स्वतःकडे बघायला लावतो. माळाकडे आपल्यालाच बघावं लागतं.

या वर्गाने दहावीपर्यंत ते चित्र चालवायचं. हरभरा निघाल्यावर एकदा, पळस फुलल्यावर एकदा, मेमधल्या भेगांत, मृगाच्या पहिल्या पावसानंतर, सोयाबीन हिरवं असताना आणि पिवळं पडताना. सगळे कागद एका पेटीत राहतील, पुढच्या आठवीला दाखवायला. अटी मुलांनीच लिहून फळ्याशेजारी लावल्या आहेत. पहिली अशी : कागदाच्या मागे स्वतःचं नाव लिहिण्याआधी आपण कुठे उभे होतो ते लिहायचं. दुसरी : काही बदललं असेल तर कारण लिहायचं.